टिकल्यांचा नकाशा

११ ऑक्टोबर २०२५
अनसिंगजवळून, घरून

चि. योगिनी,

बाबाचा भरभरून आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तूही तिकडं वेळेवर जेवत असशील, अशी आशा करतो.

घरात दोन मोबाईल असताना बाबानं कागद काहून घेतला, असं तुला वाटेल. फोनवर तुझी माय बोलते आणि मी बाजूला बसून ऐकतो, हे तुला माहीत आहे. मी ‘मले दे’ म्हणत नाही आणि तूही ‘बाबाले दे’ म्हणत नाहीस. तीन महिने झाले. कागदावर तोंड दिसत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं.

सोयाबीन निघालं. सप्टेंबरच्या पावसानं खालच्या वावरातल्या शेंगा काळ्या पडल्या, पण वरचं चांगलं उतरलं. तूर कमरेपर्यंत आली आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तुझ्या मायनं तिचं नाव पुणी ठेवलं. मी म्हटलं, असं नाव असते का? तर म्हणे, पोरगी पुण्याला आहे तोवर गोठ्यात तरी पुणी राहू दे.

काढणी यंदा सोमलानं आणि तांड्यावरच्या लोकांनी केली. मी वावरात गेलो नाही. पाय जरा सुजला होता. आता उतरला आहे, काळजी करू नको. डॉक्टरांनी महिनाभर चिखलात उतरू नको म्हटलं, म्हणून बसून आहे. बसलेल्या माणसाला विचार सुचतात.

तू गेलीस त्या दिवशीची गोष्ट मला सारखी आठवते. सरकारी कार्यालयातल्या नोकरीची ऑर्डर आली होती. कनिष्ठ सहायक, कायम नोकरी, वाशीममध्येच. मी शेलूबाजारात ओळखीच्या सगळ्यांना पेढे खाऊ घातले होते. आणि तू म्हणालीस, ‘मी पुण्याले चालली.’ डिग्रीचं नाव सांगितलंस, ते माझ्या तोंडात बसेना. दोन वर्षं ग्रामीण रुग्णालयात कंत्राटावर तू रजिस्टरातल्या नोंदी कम्प्युटरमध्ये भरल्यास, त्यात साप चावलेल्यांचे आकडे वेगळे काढत बसायचीस, तेव्हाही मला ते रिकामटेकडं काम वाटायचं. त्या दिवशी रागात मी बोललो, ‘लोकायचे साप मोजून पोट भरते का?’

तू म्हणालीस, ‘बाबा, रजिस्टरात सगळं लिहून हाय. पण कोणी वाचून राह्यलं नाही. मले ते वाचाले शिकायचं हाय.’

मी स्टेशनवर आलो नाही. तुझी माय एकटी आली.

आता खरं लिहितो. पाय असाच सुजला नव्हता. सोळा सप्टेंबरला दुपारी साडेचारच्या सुमारास आपल्या वावराच्या पूर्वेच्या धुऱ्यावर गवत कापत होतो, तिथं परड चावली. तुमच्या पुस्तकात तिला घोणस म्हणत असतील. उजव्या पायाच्या घोट्याच्या वर. तुझी परीक्षा होती म्हणून तुला सांगू नको, अशी मीच तुझ्या मायला शपथ घातली. तिच्यावर रागावू नको.

सोमला शेजारच्या वावरात होता. त्यानं मला मोटरसायकलवर बसवलं, मागून त्याच्या बायकोनं, धनीबाईनं, मला धरलं. पायाला आग लागल्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, ‘सोमला, वाशीमले घे. मोठ्या दवाखान्यात.’

तो म्हणाला, ‘नाही जगदेवभाऊ. रस्त्यावरच्या सरकारी दवाखान्यातच जायचं. योगिनीबाईनं सांगून ठेवलं हाय.’

‘अरे, ते पोरगी हाय! तिले काय समजते?’

तेव्हा त्यानं गाडी न थांबवता मान मागं करून सांगितलं, ‘धनीले चावलं होतं तवा मी याच दवाखान्यासमोरून गाडी काढली होती भाऊ. तवा इथं सापाची लस नव्हती, म्हणून वाशीम गाठलं अन् महिनाभर बाई पडून राह्यली. बोट गेलं तिचं. आता लस इथंच हाय. मी पुढं नेत नाही तुमाले.’

धनीबाईचा तोच बोट नसलेला हात माझ्या छातीवर होता, योगिनी. तो मला दिसत होता. म्हटलं, ‘घे मंग तिथंच.’

दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आहेत, सपना मॅडम. त्यांनी काचेच्या नळीत रक्त घेतलं आणि वीस मिनिटं ठेवलं. रक्त गोठलंच नाही. हिरड्यांतूनही रक्त यायला लागलं होतं. लगेच सलाईनमधून लस सुरू केली. नर्सबाईनं आधी मला विचारलं, ‘किती वाजता चावला? इथं किती वाजता आले?’ आणि दोन्ही वेळा वहीत लिहिल्या. मी दुखण्यानं ओरडत होतो, मला तिचा राग आला. म्हटलं, मरून राह्यलो अन् हे घड्याळ पाहून राह्यली. मग पुढं वाशीमला नेलं, पाच दिवस ठेवलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तुझ्या मायला सांगितलं की लस तासभर उशिरा मिळाली असती, तर किडनीचं काही सांगता आलं नसतं.

मी हे सगळं खाटेवरून ऐकलं. पण तुझं नाव माझ्या तोंडून निघालं नाही. आजूबाजूला ओळखीचे लोक होते. तू नोकरीवर रुजू झालीस, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. हो, तेही लिहितो. पेढे वाटल्यावर खरं सांगायची मला लाज वाटली.

मागच्या सोमवारी पाय दाखवायला रस्त्यावरच्या दवाखान्यात गेलो. तिथं दुसऱ्या केंद्रांवरचे आठ-दहा कर्मचारी आले होते. सपना मॅडम त्यांना भिंतीवरचा नकाशा दाखवत होत्या. मी तो तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. आपल्या भागातली गावं, तांडे, रस्ते, आणि त्यावर लाल टिकल्या. जिथं माणसाला साप चावला, तिथं एक टिकली. तुझ्या मायच्या पाकिटातल्या टिकल्या मी ओळखणार नाही का? ती महिनाभर ओरडत होती, माह्या टिकल्या कुठं जातात म्हणून.

मॅडम सांगत होत्या, ‘तीन वर्षांत एकतीस माणसं या फाटकासमोरून पुढं गेली. कारण इथं लस नव्हती. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नोंदी होत्या, पण कुणी एकत्र करून पाहिल्या नव्हत्या. एका कंत्राटी ऑपरेटर मुलीनं पाहिल्या. तांड्या-तांड्यावर जाऊन लोकांना वेळा विचारल्या आणि मीटिंगमध्ये हा नकाशा पसरवला. तेव्हापासून इथं लस आहे. ती मुलगी आता पुण्याला याचंच पुढचं शिक्षण घेते आहे.’

एक जण म्हणाला, ‘मॅडम, कोण होय ती?’

मी त्या मुलीचा कोण, ते मॅडमला ठाऊक नव्हतं. मी बाकड्यावर बसलो होतो. उठलो. पाय दुखत होता तरी सरळ उभा राहिलो आणि म्हटलं, ‘ते माही पोरगी हाय.’

सगळे वळून पाहायला लागले. मग मी डिग्रीचं नाव सांगितलं. इन्फर्मेशन सिस्टीम्स अँड अ‍ॅनालिटिक्स. एकदाही न अडखळता. तू गेल्यापासून गोठ्यात गाईसमोर म्हणून म्हणून पाठ केलं होतं. तुझ्याशी बोलत नव्हतो, पण नाव पाठ करत होतो. असा तुझा बाबा आहे.

सपना मॅडमनं मला नकाशाजवळ बोलावलं. एक टिकली हातात दिली आणि म्हणाल्या, ‘तुमची जागा तुम्हीच दाखवा.’ आपला धुरा मला नकाशात सापडेना. मग तुझ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं, ‘जगदेव यांचे शेत, पूर्वेचा बांध.’ तू माझं शेत त्यात आधीच लिहून ठेवलं होतंस. मी टिकली लावली. तिथं उभं राहून मला रडू आलं. सोमला सोबत होता, त्याला विचार.

दुसऱ्या दिवशी शेलूबाजारला गेलो. ज्यांना ज्यांना पेढे दिले होते, त्यांच्याकडं गेलो. म्हटलं, पोरगी नोकरीवर गेली नाही, शिकायला गेली, मी खोटं बोललो होतो. त्यातला नानाजी हसला. म्हणाला, ‘मंग पेढे वापस घेतं काय?’ मी म्हटलं, ‘नाही, अजून एक खा.’

आता शेवटची गोष्ट, आणि हीच लिहायला मी सर्वांत जास्त घाबरलो.

नोकरीची जागा अजून गेलेली नाही. जुलैमध्ये तू गेल्यावर मी तुझ्या नावानं मुदतवाढीचा अर्ज दिला होता. तब्येतीचं कारण लिहिलं आणि खाली तुझी सही मीच केली. मला वाटलं, महिनाभरात थकून परत येशील. त्यांनी एकतीस ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली आहे. हे मी तुझ्या मायलाही सांगितलं नव्हतं. बापानं पोरीची खोटी सही करावी, याहून वाईट काम मी जन्मात केलं नाही.

कार्यालयात जाऊन खरं सांगून आलो. साहेब बरंच बोलले, ते मी ऐकून घेतलं. ते म्हणाले, उमेदवारानं स्वतः लिहून दिलं तर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला ऑर्डर देता येईल. त्यासाठीचा कोरा नमुना या पाकिटात ठेवला आहे. तुला नोकरी हवी असेल तर तो फाडून टाक आणि एकतीसच्या आत ये, मी स्टेशनवर उभा असेन. माझं मत विचारशील तर येऊ नको. तू जे निवडलंस, त्यानं मी आज जिवंत बसून हे लिहितो आहे.

पण ठरव तूच. आणि सही तुझ्या हातानं कर. तुझी सही मी यापुढं कधी करणार नाही.

योगिनीचा बाप म्हणून आता सगळीकडं ओळखला जाणारा,
जगदेव