अर्ध्या मैदानाच्या रेषा

आबा,

काल मी एका मुलीला मागे थांबवलं. तुम्ही असता तर कमरेवर हात ठेवून नुसते बघत राहिला असता, आणि तेच मला सहन झालं नसतं. जळगावात आता माझ्याकडे मुलींचा फुटबॉलचा संघ आहे. गेल्या महिन्यात लागोपाठ तीन सामने आम्ही एकाच चुकीने हरलो. मी त्यांना शिकवलं होतं की चेंडू समोरच्यांच्या बचावात गेला रे गेला की पुढच्या तिघींनी अंगावर धावून जायचं, मधल्या तिघींनी त्यांच्या पाठोपाठ, आणि मागच्या चौघींनीही मधल्या रेषेपर्यंत चढायचं. समोरच्यांना श्वास घ्यायला जागा ठेवायची नाही. बघायला फार छान दिसतं ते. मग समोरची एखादी पोर घाबरून चेंडू लांब भिरकावते, तो आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून जातो, आणि मागे आमची गोलकीपर एकटी उभी असते. तिसऱ्या सामन्यानंतर ती माझ्यापाशी येऊन रडली. म्हणाली, मॅडम, मला नुसत्या आपल्या सगळ्यांच्या पाठी दिसतात. घरी येऊन मी चटणीसाठी शेंगदाणे भाजायला घेतले आणि ते ताटात ओतता ओतता माझा हात थांबला.

धुळ्याच्या घरातला तो ओटा. आई भाकरी थापते आहे आणि तुम्ही तिच्या परातीशेजारी शेंगदाण्यांचा संघ मांडून बसला आहात. अकरा दाणे. दहांची टरफलं काढलेली, एकाचं लाल टरफल तसंच ठेवलेलं. तो राखणदार, सगळ्यांच्या मागे, गोलकीपरच्या जरा पुढे. तुम्ही बोटाने एकेक दाणा पुढे सरकवता, हा पळाला, हा पळाला, आणि मला विचारता, आता चेंडू मागे आला तर? आई म्हणते, तुमची मॅच संपली असली तर चटणीला चार दाणे राहू द्या. मग तुम्ही पुढून एकेक खेळाडू खाऊन टाकता आणि शेवटचा लाल दाणा माझ्या तळहातावर ठेवता. तो तुम्ही कधीच खाल्ला नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला टरफल आवडत नाही.

शाळेत तुम्ही शिपाई होतात. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे आणि शनिवारी मैदानावर चुन्याच्या रेषा मारायच्या. पीटीच्या सरांना फुटबॉलमध्ये रस नव्हता, म्हणून मुलींचा संघ आपसूक तुमच्या गळ्यात पडला, आणि तुम्हीही काही तो काढून ठेवला नाहीत. सरावात चेंडू पुढे गेला की तुम्ही रेषेबाहेरून अहिराणीत हाक मारायचात, मागे कोण आहे म्हणून, "मांगे कोन शे?" आणि जी मागे थांबली असेल तिने हात वर करून ओरडायचं, "मी शे!" कुणीच ओरडलं नाही तर खेळ बंद. एकदा मीच राखणदार होते आणि गोल मारायच्या हौसेने पुढे पळाले. तुम्ही मला सगळ्यांदेखत मैदानाच्या मध्यात उभं केलंत. "बठ्ठ्या पुढे गयात, आते घर कोन सांभाळी?" सगळ्याच पुढे गेल्या तर घर कोण सांभाळणार, एवढंच विचारलंत, आवाज चढवला नव्हता, तरी मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

मग मी मोठी झाले, प्रशिक्षणाचा कोर्स करून आले, आणि त्याच शाळेने संघ रीतसर माझ्याकडे दिला. शिट्टी माझ्या गळ्यात आली आणि माझं डोकं फिरलं, आबा. पहिल्याच आठवड्यात मी राखणदार काढून टाकला आणि ती हाकही बंद केली. बाहेरच्या संघांसमोर ते गावठी वाटतं, असं मीच म्हणाले. पहिला सामना आम्ही चार गोलांनी जिंकलो. मुली नाचत होत्या. तुम्ही हसत माझ्याजवळ आलात आणि हळूच म्हणालात की समोरचा संघ कच्चा होता, एक जण मागे असू दे. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आबा, मैदानातली राखण संपली. आता तुम्ही घरी बसून राखण करा." मुली हसल्या. तुम्हीसुद्धा हसलात. रेषांची दोरी खुंटीला गुंडाळत गुंडाळत तुम्ही फाटकाकडे गेलात, आणि त्यानंतर आम्ही खेळत असताना तुम्ही कधी मैदानावर आला नाहीत.

रेषा मात्र दर शनिवारी मारलेल्या असायच्या. आम्ही पोचायच्या आत तुम्ही येऊन जायचात. मला ते ठाऊक होतं. घरातून तुमची सायकल निघाल्याचा आवाज यायचा आणि मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायची. एक दिवस लवकर उठून दोरीचं दुसरं टोक धरायला आले असते तर सगळं मिटलं असतं. उद्या, उद्या करत सगळा हिवाळा गेला. मग एका शनिवारी आम्ही आलो तर अर्ध्याच रेषा होत्या. तुम्ही नेहमी आपल्या गोलकडून सुरुवात करायचात. आमचा गोल, त्यापुढची चौकट, सगळं नीट होतं, आणि मधल्या रेषेच्या अलीकडे चुना थांबला होता. मला राग आला. वाटलं, रुसवा धरलाय. मी घरी फोन लावला आणि पलीकडे कोण आहे हे न विचारताच म्हणाले, निदान रेषा तरी पुऱ्या करायच्या होत्या. फोन शेजारच्या अक्कांनी उचलला होता. तुम्हाला मैदानावरूनच दवाखान्यात नेलं होतं. सकाळी फिरायला आलेल्या कुणाला तरी तुम्ही चुन्याच्या पाटीशेजारी बसलेले सापडलात.

काल चाळीसगावच्या संघाशी सामना होता. मी पुढच्यांना थांबवलं नाही. त्या धावून जातातच, जाऊ देत. मधल्या तिघींतली एक काढून मागच्या चौघींच्या समोर ठेवली आणि तिला सांगितलं, सगळ्या गेल्या तरी तू जायचं नाहीस. डावीकडची वर चढली तर उजवीकडचीने थांबायचं. तुमचा लाल दाणाच तो, चार पावलं पुढे सरकवलेला. दुसऱ्या हाफमध्ये त्यांचा लांब चेंडू आला आणि ती तिथे होती. तिने छातीवर घेतला, शांतपणे पायाशी ठेवला. आम्ही एका गोलने जिंकलो. गोलकीपरने धावत येऊन मला विचारलं, मॅडम, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी म्हणाले, मोबाइलवर बघितलं.

घरी आले आणि तशीच हे लिहायला बसले. कुठे टाकणार हे पत्र? तुमची दोरी अजून माझ्या किटच्या पिशवीत आहे, तिच्यातच गुंडाळून ठेवीन. पण त्याआधी एक सांगायचं राहिलंय, ते मी आईलाही सांगितलेलं नाही. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तुम्ही भिंतीकडे तोंड करून कुशीवर होतात. मी दारात येऊन उभी राहिले. तुम्हाला चाहूल लागली असावी. वळता येत नव्हतं, पण तुम्ही विचारलंत, अगदी स्पष्ट, "मांगे कोन शे?" नर्सने माझ्याकडे बघितलं, काय म्हणतायत म्हणून. मला तिच्यासमोर लाज वाटली, आबा. मी म्हणाले, काही नाही, बरळतायत. तुम्ही थोडा वेळ वाट बघितलीत. मग डोळे मिटलेत, आणि पुन्हा काही विचारलं नाहीत.

उत्तराचे दोनच शब्द होते. मला येत होते.