फाटकाशी उभी मुलं

४ मार्च

पोहोचले. सामान सुखरूप, मी सुखरूप. कंबर तेवढी विमानातच राहिली असावी. या वयात परमुलखात जाऊन अनाथांची सेवा करायची म्हणजे हौसच म्हणायची, असं चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणत होत्या. मी म्हटलं, मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उतरल्यापासून पडदे धुतेच आहे, त्यापेक्षा प्रभूचं काम बरं. लेक म्हणाली, आई, तुझ्या धाकाने ती पोरं पुन्हा एकदा अनाथ होतील. जावई तोंड फिरवून हसले. हसोत बापडे. लेकीचं बाळंतपण मेअखेर आहे, त्याआधी परत जायचंच आहे.

आश्रमाची इमारत बैठी आणि लांबलचक. आत लोखंडी खाटांच्या दोन रांगा, प्रत्येक खाटेच्या दांडीला टॉवेल. पुढे अंगण, कमरेएवढी भिंत, फाटक, मग रस्ता. इथल्या प्रमुख माझ्याच वयाच्या आहेत, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. आल्या आल्या त्यांनी नियम सांगितले: मुलांचे फोटो काढायचे नाहीत, खाऊ वाटायचा नाही, आणि जाताना ‘पुन्हा येईन’ असं कुणालाही म्हणायचं नाही. शिस्तीची बाई दिसते. आमचं जमेल.

इथली भाषा मला येत नाही. मोठ्या बाई आणि स्वयंपाकीण यांच्याशी इंग्रजीवर भागतं. मुलांशी मी सरळ मराठीत बोलते. रागावणं कुठल्याही भाषेत कळतं.

७ मार्च

नखं कापली, उवा काढल्या, सकाळच्या प्रार्थनेला ओळीत उभं राहायला शिकवलं. प्रभू कुणालाही टाकून जात नाही, हा पहिला धडा.

एक गोष्ट मात्र खटकली. संध्याकाळी जेवणाची घंटा झाली की सगळी आत पळतात, पण चार-पाच मुलं फाटकालगतच्या भिंतीशी आमच्याकडे पाठ करून उभीच राहतात. आज हाका मारल्या, एकानेही मान वळवली नाही. कान धरून आणायला निघाले, तर स्वयंपाकीण ओल्या हातांनी धावत आली आणि आडवी झाली. म्हणाली, बाई, त्यांना हाका मारू नका, त्यांचं झालंय जेवण. मी बजावलं की असल्या लाडांनीच मुलं डोक्यावर बसतात. ती माझा हात धरून मला आत घेऊन आली.

१६ मार्च

एक मुलगी आहे, सहाएक वर्षांची. पांघरूण पाठीवर घेऊन दिवसभर हिंडते, जेवायला तासभर लावते. मी तिचं नाव गोगलगाय ठेवलं. पोटात पाय आहेतच: माझा चष्मा लपवते आणि शोधायलाही तीच येते. आज पांघरुणाची घडी घालायला लावली. वेडीवाकडी घातली, मी मोडली. पुन्हा घातली, पुन्हा मोडली. रडेल असं वाटलं होतं. ती हसत होती.

२ एप्रिल

गोगलगाय पदर सोडत नाही, आता माझं मराठीही तिला कळतं. मोठ्या बाई म्हणाल्या, तिला इतकं जवळ करू नका. मला हसू आलं. म्हटलं, मी कसली जवळ करते, उठता-बसता रागावते तिला. त्या म्हणाल्या, तेच तर. इथे येणारा प्रत्येकजण मुलांना मांडीवर घेतो, गाणी म्हणतो, निघून जातो. रागावलं कुणीच नव्हतं तिला. परकं माणूस लाड करतं, रागावतं ते घरचं.

 

१५ एप्रिल

संध्याकाळी स्वतः भिंतीपाशी गेले. कडेच्या मुलाच्या डोक्यावर लोकरीची टोपी, एवढ्या उकाड्यात. ती काढायला हात पुढे केला आणि गार लागलं. टोपी नव्हे, माझाच हात, कोपरापर्यंत. मुलाने माझ्याकडे पाहिलंच नाही. नजर रस्त्यावर.

मोठ्या बाईंना धारेवर धरलं, तेव्हा बोलल्या. एक तरुण आला होता, या मुलाला पोहायला शिकवायचा. ‘पुन्हा येईन’ म्हणून गेला. मूल भिंतीशी उभं राहिलं. आत आणलं की परत बाहेर. खाईना, पिईना, मग तापाने फणफणलं आणि गेलं. चर्चमागे पुरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मूल भिंतीशी. बाकीच्यांचंही असंच. प्रत्येकाचं कुणीतरी येणार आहे.

मी म्हटलं, ख्रिस्ती म्हणवता आणि असलं बोलता? त्या शांतपणे म्हणाल्या, प्रार्थना झाल्या, उपास झाले, पाळकही येऊन गेले. पाळक आता संध्याकाळी या रस्त्याने येत नाहीत.

१ मे

ठरवलं. मी जाणार नाही. मी गेले तर गोगलगाय त्या भिंतीशी जाईल. तिचा जीव माझ्या पायांना बांधलेला आहे, मग पाय इथेच राहिलेले बरे.

लेकीला फोन केला.  म्हणाली, परक्या मुलांची आई झालीस, आता माझ्याकडे पाहुणी म्हणून तरी ये. माझी पोर तोडून बोलणारी नाही. मी फोन ठेवून मोरीत जाऊन रडले.

उद्या शहरात जाऊन तिकीट रद्द करायचं, राहण्याची मुदत वाढवून घ्यायची. संध्याकाळपर्यंत परत.

२ मे

शहरातल्या खाणावळीत बसून लिहिते आहे. कचेरीतलं काम झालं, पण परतीच्या वाटेवरचा पूल बंद आहे. बस उद्या. आश्रमाचा फोन लागत नाही.

सकाळी पोरीने पदर धरला तो सोडेना. बस समोर उभी, ड्रायव्हर भोंगा वाजवतो आहे, हिचा आकांत. मी तिचं नाक पुसलं आणि दरडावलं: रडायचं नाही. इथेच उभी राहा. हलायचं नाही. मी येते. बोटाने जागाही दाखवली. ती लगेच गप्प झाली आणि ताठ उभी राहिली. प्रार्थनेला उभं राहायला शिकवलं तशी.

ती जागा फाटकाशी होती.

घाईत होते. मी फक्त—

३ मे

दुपारी आले, बसने मागच्या बाजूला सोडलं म्हणून परसदारातून. ती तिथेच आहे. कालपासून. मोठ्या बाईंनी उचलून आत नेलं होतं, परत गेली.

समोर उभी राहिले. गोगलगायी, मी आले, म्हटलं. तिने मान कलती केली, मी रस्त्याच्या आड येत होते म्हणून.

५ मे

खात नाही. मांडीवर घेते, थोपटते. मग रागावून पाहिलं. ओरडले, पांघरूण फेकलं, घडी घाल म्हटलं. पूर्वी हसली असती. डोळे दाराकडे.

प्रभू, मी कुठे गेले आहे? मी इथेच आहे ना?

८ मे

ताप. डॉक्टर येऊन गेले, औषध पोटात राहत नाही. मोठ्या बाई आणि मी आळीपाळीने पट्ट्या ठेवतो. माझा आवाज ऐकला की ती हसते— पण माझ्याकडे बघून नाही. आवाज रस्त्यावरून येतो आहे असं तिला वाटतं.

१० मे

गेली.

मी उशाशी होते. मी उशाशी होते आणि ती माझी वाट बघत होती.

११ मे

माती दिली. खोका केवढासा. पाळकांनी वचन वाचलं, मला ऐकू आलं नाही.

संध्याकाळी घंटा झाली तशी स्वयंपाकिणीने माझ्या बाजूची खिडकी लावून घेतली.  का, ते कशाला विचारू.

१३ मे

टोपीवाल्याच्या शेजारी. ताठ. जराही हलत नाही. मीच सांगितलं होतं—

१४ मे

आतून गेलेलं माणूस त्यांना दिसत नाही. ती रस्त्याकडे बघतात. मग रस्त्याने यायला हवं.

मोठ्या बाई पाया पडल्या, जाऊ नका म्हणाल्या. या वयाची बाई माझ्या पाया पडली. पण पोरीला मी येते म्हणाले आहे.

१५ मे

रस्त्यापलीकडच्या दगडावर बसून लिहिते आहे. ऊन उतरतंय. लांबून चालत आले, बसमधून उतरल्यासारखी.

तिने पाहिलं. मला पाहिलं. अगं बाई— केवढी हसली—

सगळ्यांनी माना वळवल्या. माझ्या मागे बघतात, आणखी कोण आलं म्हणून. कुणी नाही रे बाळांनो. मी एकटीच—

फाटक उघडलं. तिने बोट धरलं. तिचा हात उबदार आहे. गार माझाच आहे.

आत चल म्हटलं. नाही म्हणते. टोपीवाल्याकडे बोट दाखवते, त्याचं अजून कुणी आलं नाही. म्हणून ती पण थांबणार. जरा सरकली. भिंतीशी जागा केली, माझ्यापुरती.

थोडाच वेळ. पोरीजवळ नुसती उभी राहते आणि मग तिला घेऊन—