गुलाबाच्या कुंडीतला वाळा

श्री. साडूभाऊ यांस,

नमस्कार. तुमचा गुडघा, ताईंचा खोकला आणि तुमच्याकडे मुक्कामाला आलेल्या माझ्या बायकोचा राग, तिन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा करतो. (पहिल्या दोन्हींसाठी रोज देवापुढे हात जोडतो. तिसऱ्यासाठी जोडणार नाही, कारण त्यात माझी काही चूक नाही.) माझी प्रकृती ठणठणीत आहे. भाजी करपते, पण करपलेली भाजीही शेवटी पोटातच जाते.

तुमचं पत्र मिळालं. एका शब्दाचा तर प्रश्न आहे, गांडूळ म्हणा आणि मोकळे व्हा, असं तुम्ही लिहिता. साडूभाऊ, तुमच्यापर्यंत एकाच बाजूची हकीकत पोचली आहे. दुसरी ऐका.

त्या सकाळी मी अर्धी दाढी झाल्यावर, तोंडाला साबण तसाच ठेवून, खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलं. ही तीच कुंडी, तुम्ही गुलाबाची म्हणून आम्हाला दिलेली. (काट्यांवरून गुलाब असावा असा आमचाही अंदाज आहे.) पाणी जरा जास्त झालं, आणि मातीतून बुटाच्या नाडीच्या तुकड्याएवढं काहीतरी काळं वळवळत वर आलं. चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या माणसाच्या खिशात भिंग असतंच. लावून पाहिलं. अंगावर कोरडे, चकचकीत, बारीक खवले. मधूनच केसासारखी जीभ बाहेर येई. आणि डोळे म्हणाल तर खवल्याआड दोन काळे ठिपके, पडद्यामागे दिवा विझवून ठेवावा तसे. आजवर इतक्या लोकांना नंबराच्या काचा घासून दिल्या, पण ज्याच्यापुढे मी हात टेकावेत असं हे पहिलंच गिऱ्हाईक.

तेवढ्यात आमच्या मालकीणबाई वर आल्या. (कुंडीचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळतं. ही तक्रार जुनी आहे, आणि खरी आहे.) त्यांनी ते पाहिलं आणि किंकाळी फोडली. तुमची मेहुणी ओल्या हातांनीच बाहेर आली, वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "अहो, गांडूळ आहे ते. माती चांगली असली की येतं." मालकीणबाईंचा छातीवरचा हात खाली आला. त्या हसायच्याच बेतात होत्या. तेव्हा मी, साबणाच्या तोंडाने, म्हणालो, "गांडूळ नाही, साप आहे. जीभ बघा."

पुढचं तुम्हाला माहीत आहेच. साप असेल तर खोली सोडा, एक आहे तिथे दहा असणार, गांडूळ असेल तर खुशाल राहा, असं सुनावून मालकीणबाई जिना उतरल्या. आणि तुमच्या मेहुणीने पिशवी भरली. ती सापाला भ्यालेली नाही, हे लक्षात घ्या. "चारचौघांत माझा शब्द खाली पाडलात," एवढंच म्हणाली. (चारचौघं कुठली? आम्ही तिघंच होतो. हे मी तेव्हाच बोलून दाखवलं. नसतं दाखवलं तरी चाललं असतं.)

मी मुद्दाम चूक काढायला गेलो नव्हतो. आमच्या गावच्या शाळेत सापांचे दोनच प्रकार शिकवले होते: ज्याला बघून आपण पळतो तो, आणि आपल्याला बघून जो पळतो तो. हा कशातच बसेना. म्हणून चष्म्याच्या डबीत ओली माती घालून मी त्याला कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाईंकडे नेलं. (बाई आमच्या दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. आणि खरं सांगू? त्यांनी गांडूळ म्हणावं असं जिना चढताना मलाही वाटत होतं.) त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरून अंगाभोवतीच्या खवल्यांच्या ओळी मोजल्या, वीस भरल्या. हा वाळा, म्हणाल्या, सापच, पण अगदी निरुपद्रवी, मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खातो. शेपटीच्या टोकाला बारीक काटा असतो, तोही त्यांनी दाखवला. तेव्हा कळलं की डबीत ठेवल्यापासून, भिंग न लावता, मी ज्या टोकाशी प्रेमाने बोलत होतो ते दुसरं टोक होतं. आणखी एक सांगितलं. यांच्यात नर सापडतच नाहीत, सगळ्या माद्याच. एकट्याच अंडी घालतात, एकट्याच जगतात, आणि कुणाचं काही अडत नाही. त्या कुळात 'जीभ बघा' म्हणणारा नवरा नाही, हे त्यामागचं कारण असावं. (हे माझं मत, बाईंचं नव्हे.)

आता सांगा, ज्याला देवाने एकेक खवला मोजून दिला, त्याचं नाव मी खोलीसाठी बदलू? खोली गेली तर दुसरी मिळेल. तुम्ही दहा पत्रं पाठवा, ताईंनाही लिहायला लावा, पण माझ्या तोंडून गांडूळ हा शब्द निघणार नाही. साप आहे. लिहूनही देतो: साप आहे.

तुमचा
(मोडेल पण वाकणार नाही असा) धाकटा साडू

ता. क. बाईंनी जाता जाता सांगितलं की हे साप कुंड्यांच्या मातीतून गावोगाव पोचतात. आमच्याकडे तुमच्याशिवाय कुणीही कुंडी दिलेली नाही. तेव्हा कृपा करून आपल्या गॅलरीतल्या कुंड्यांना जरा सढळ हाताने पाणी घाला. काही वर आलं तर माझ्या बायकोला दाखवा. ती गांडूळच म्हणेल. मग तुम्ही, ताईंसमोर, "साप आहे" म्हणा. दोन्ही घरांत सारखंच ऐकून घ्यायचं तर आपलं घर काय वाईट, असा विचार तिने केला तर बरं होईल. तुमचं आणि ताईंचं पुढे काय होईल ते होवो, माझ्यासाठी एवढं कराच.

ता. क. २. वरचं लिहून पाकीट चिकटवलं होतं, पण आज सकाळी मी खाली मालकीणबाईंकडे गेलो, आणि तिथे जे झालं ते कळवायला ते पुन्हा उघडलं. दारातच त्यांनी विचारलं, नक्की काय आहे ते एकदा सांगून टाका. शब्द ओठांवर आला होता. वीस ओळी, शेपटीचा काटा, जीभ, सगळं तयार होतं. मी म्हटलं, "आमच्या हिला येऊ द्या. ती सांगेल." त्या म्हणाल्या, बरं, तोवर राहा. तेव्हा तिला सांगा, तिने इथे येऊन जे म्हणायचं ते म्हणावं, मी मध्ये बोलणार नाही. साप आहेच. पण आज मी गप्प बसून वर आलो, आणि कुंडीखाली ताटली ठेवली.