भिवराबाईंचे प्रश्न

रविवार, २ फेब्रुवारी

आज पुन्हा तेच! चर्चमध्ये प्रवचन ऐन रंगात आलं होतं आणि भिवराबाई उठून उभ्या राहिल्या. हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत चालू होता.

"पाळकसाहेब, एक इचारू का? त्या एकापायी मालक गेला, मंग बाकीची नव्याण्णव कोनाच्या भरवशावर सोडली त्यानं? आमी तर शेळ्या बांधल्याबिगर कुटं जात न्हाई."

सगळी मंडळी हसली. मी मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सांगितला, मग त्या काळची मेंढपाळांची पद्धत. त्यांनी मन लावून ऐकलं. "न्हाई कळलं. पर चांगलं असंल," म्हणाल्या आणि खाली बसल्या.

पुण्यात चार वर्षं धर्मशास्त्र शिकलो. अंबाजोगाईच्या या मंडळीचा पाळक होऊन सात वर्षं झाली. आणि शेळ्यांच्या प्रश्नाला उत्तर नाही!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज प्रार्थनासभा भिवराबाईंच्या घरी. घर कसलं, पुतणीच्या घरामागची एक खोली. त्या मूळच्या आष्टीकडच्या. आईबाप ख्रिस्ती, पण ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की कारखान्यावर, ते थेट उन्हाळ्यातच परत. पुढं यांचंही आयुष्य तसंच गेलं. आता गुडघे गेले म्हणून इथं. "लानपनी शब्बाथशाळा, ती रईवारची बायबलची शाळा, ऱ्हायली, म्हनून आता इचारते," असं एकदा म्हणाल्या होत्या. मी तेव्हा नुसता हसलो होतो.

आज त्यांना प्रार्थना करायला सांगितलं. डोळे मिटून, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशा बोलल्या —

"बापा, आज गुडगा बरा हाय. दोन दिस झाले नळाला पानी न्हाई, तुला ठावंच हाय. पाळकसायबाचा घसा बरा कर, लई बोलावं लागतंय त्याला. बास. आमेन."

माझी प्रार्थना त्यानंतर होती. तयार केलेली वाक्यं ओठावर होती, पण एकही म्हणवेना. सगळ्यांना पाठ असलेली प्रभूची प्रार्थना म्हणून सभा संपवली.

रविवार, ९ फेब्रुवारी

फार वाईट झालं.

विषय क्षमेचा. भिवराबाई उभ्या राहिल्या. आवाजात टोमणा नाही, राग नाही. "मंग तुमी आप्पारावाला सलाम कावून करत न्हाई, पाळकसाहेब?"

कोणी हसलं नाही. 

आप्पाराव तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसलेले. आमच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या 'वडिलां'पैकी सगळ्यांत जुने. बीडच्या कोर्टात तीस वर्षं टायपिस्ट होते. गेल्या वर्षी बिशपसाहेबांकडे माझ्याविरुद्ध एक पत्र गेलं. टाइप केलेलं, खाली सही नाही; त्यांनी ते मला वाचायला दिलं. "आमचे पाळक उत्तम बोलतात, पण कोणाचंही ऐकत नाहीत." हे एक वाक्य अजून पाठ आहे. असं सफाईदार टाइप दुसरं कोण करणार? त्यांना विचारलं मात्र नाही. सलाम, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचा नमस्कार, बंद केला. उपासना संपली की मी दारात उभा राहून सगळ्यांशी हात मिळवतो. ते बाजूच्या दारानं जातात.

उपासनेनंतर भिवराबाईंना सगळ्यांदेखत सुनावलं. "हे देवाचं घर आहे, चावडी नाही. यापुढे मध्ये बोलायचं नाही."

"बरं," एवढंच म्हणाल्या. लहान मुलीसारखा चेहरा झाला त्यांचा.

सोमवार, १० फेब्रुवारी

बायको, दिपाली, सकाळी म्हणाली, "म्हातारीला रडवलंत तुम्ही." मी म्हणालो, मंडळीला शिस्त हवी. ती शाळेत शिकवायला निघून गेली.

रविवार, १६ फेब्रुवारी

उपासनेआधीच भिवराबाई पुढे आल्या. सगळ्या मंडळीसमोर दोन्ही कान धरले — सत्तर वर्षांच्या बाईनं! "चुकलं माजं, पाळकसाहेब. माफ करा." आणि जागेवर जाऊन बसल्या.

चूक त्यांची नव्हती. हे मलाही माहीत, सगळ्यांनाही.

प्रवचनात तीनदा त्यांच्याकडे पाहिलं. हात मांडीवर, तोंड बंद. कोणी काही विचारलं नाही. इतकं सुरळीत प्रवचन कधी झालं नव्हतं. आणि इतकं पोकळही!

मंगळवार, १८ फेब्रुवारी

राहवलं नाही. भिवराबाईंकडे गेलो. त्या मेथी निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो तर लगबगीनं पोतं अंथरायला लागल्या.

"आजी, तुमचं काही चुकलं नव्हतं. मग माफी का मागितली?"

"चुकलं का न्हाई ते मला बी कळलं न्हाई. पर तुमाला लागलं न्हवं?"

"माझा राग नाही आला?"

"आला की! लई आला. मंग तुमचं नाव घिऊन देवाला सांगितलं."

"काय म्हणाला देव?"

"काय म्हननार? मला झोप लागली."

मी हसलो. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. गेलं वर्षभर मला अशी झोप नाही. ते त्यांना सांगितलं. पत्राचंही सांगितलं.

त्यांनी मेथी बाजूला सारली. "मंग चला आप्पारावाकडं. मी हाय की संगं."

"आज नको, आजी."

"भ्या वाटतंय व्हय?"

हो म्हणालो. किती वर्षांनी कोणापुढे खरं बोललो!  त्या जवळ सरकल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. आजवर मंडळीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देत आलो तो मी.

गुरुवार, २० फेब्रुवारी

गेलो. भिवराबाई रिक्षात शेजारी. वाटभर बाहेरच्या गमती दाखवत होत्या, जणू जत्रेला निघालोय.

आप्पारावांनी दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकले. घरातून पाठ करून निघालेलं सगळं विसरलो. "सलाम, आप्पाराव," म्हणालो. "वर्षभर तुमच्यावर राग धरला. ते पत्र तुम्ही लिहिलंत म्हणून. मला माफ करा."

"कोणतं पत्र?"

 त्यांना खरंच माहीत नव्हतं!

"मला वाटलं, माझंच काही चुकलं असेल," ते म्हणाले. "विचारायचा धीर झाला नाही. पण रोज प्रार्थनेत नाव घेतो तुमचं."

त्यांनी मला मिठी मारली. म्हातारं, हडकुळं शरीर. मागून भिवराबाईंचा आवाज — "झालं न्हवं? मंग च्या ठिवा की आप्पाराव!"

धर्मशास्त्राच्या वर्गात नम्रतेवर वीस पानांचा निबंध लिहिला होता मी. पहिला नंबर आला होता त्याचा.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

जेवताना दिपालीला सगळं सांगितलं. कोणावर ठपका ठेवला, तो किती निर्दोष निघाला, मी किती लहान झालो, आणि किती हलकं वाटतंय. ती ऐकत होती. घास तसाच हातात. ताटावरून उठून गेली. तब्येत बरी नसेल.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सकाळी दिपाली स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. रडून डोळे सुजलेले.

"ते पत्र मी लिहिलं होतं. शाळेच्या कॉम्प्युटरवर. तुमचं वाईट व्हावं म्हणून नाही — घरात सांगून सांगून थकले होते मी. आप्पारावांवर आळ गेला, तरी भीतीनं गप्प राहिले."

 मी तिच्याशेजारी फरशीवर बसलो.

"काय सांगत होतीस घरात? आता सांग. मी ऐकतो."