हात मागं

सोम., १२ जाने.
निवृत्तीनंतर शेवगावात घरी बसून कंटाळले, म्हणून गेला आठवडाभर अंगणवाडीत जातेय. सेविका मंगलताई म्हणाल्या, "गाणी शिकवा, मॅडम." भिंतीवर नवा तक्ता: 'खेळातून शिक्षण'. आणि सरकारी खेळणी? लोखंडी कपाटात, कुलूप लावून.
"मोडलं तर जबाब मला द्यावा लागतोय. तपासनीला सगळं नवं दिसाया पायजे."
शनिवारी त्या खेळणी पुसतात. पोरं रांगेत उभी राहून बघतात. "हात मागं! मोडंल!"
सना पाच वर्षांची. घरी हिंदीत अखंड बडबड, असं आई सांगते. इथे एक अक्षर नाही. जूनमध्ये पहिली. कसं होणार?

गुरु., १५ जाने.
आमच्या कॉन्व्हेंटमध्येही काचेच्या कपाटात एक बाहुली होती. निळ्या डोळ्यांची. नाताळात सिस्टर ती बाहेर काढायच्या, आम्ही रांगेने बघायचो. सात नाताळ. केस खरे होते की दोऱ्याचे, अजून माहीत नाही.

मंगळ., २० जाने.
मं.ताईंना बाहुलीचं सांगितलं. हसल्या. "तरी एवढं शिकलातच की तुमी!" मग उठून कपाट उघडलं.
"मोडलं तर तुमचं नाव सांगीन हां."
"खुशाल सांगा."
खेळणी सतरंजीवर मांडली. एकही पोर पुढे येईना. सगळ्यांचे हात मागे. दहा मिनिटं तरी.
मग सना बसली. बाहुली उचलली, समोर बसवली, तिचे दोन्ही हात मागे ओढले आणि मं.ताईंच्याच आवाजात, "हात मागं! मोडंल!"
तिचं पहिलं मराठी. पोरं खदखदून हसली. मं.ताई नाही. पाणी भरायला म्हणून बाहेर गेल्या. हंडा आतच होता.

गुरु., २२ जाने.
बाहुलीचा डावा हात खांद्यातून निघाला. मागे ओढूनच. चिकटवून पाहिला, टिकत नाही. आणि उद्या तपासणी.
मं.ताई म्हणाल्या, "मागच्या बाजूला ठिवू. दिसनार न्हाई."
"मी सांगते ना तपासणीच्या मॅडमना, माझ्यामुळे..."
"तुमाला काय हुतंय? नोकरी माजी हाय."
खरंच आहे. बाहुली कपाटात, कुलूप.
निघताना सनाने माझा पदर ओढला. "बाहुली?"
मं.ताईंनी ऐकलं.

शुक्र., २३ जाने.
सकाळी लवकरच गेले. कपाटाचं दार सताड उघडं. ठोकळे, भातुकली, सगळं सतरंजीवर. सना एका हाताच्या बाहुलीला मांडीवर घेऊन काहीतरी सांगत होती, अर्धं हिंदी, अर्धं मराठी.
मं.ताई दारात, पदर नीट करत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
बाहेर तपासणीची जीप थांबली.