गावातल्या गावात परदेश

२ फेब्रुवारी, सोमवार

अन्याय! आणि तो कागदावर नोंदवून ठेवलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या पिढ्यांना वाटेल मी तो मुकाट्यानं गिळला.

पासपोर्टच्या फोटोत दात दाखवायचे नाहीत. फोटोवाला म्हणाला, "बाई, हसू नका. तोंड मिटा. दात दिसला की फोटो परत येतो." मी! जिनं अर्ध्या शहराच्या तोंडात दात दिले — म्हणजे बसवतात डेंटिस्ट, पण घडवते मी, लॅबच्या मागच्या खोलीत, मेण वितळवत — तिला सांगतो तोंड मिटा! आयुष्य कवळ्या करण्यात गेलं. जगातल्या एका तरी सरकारनं दाताला मान द्यावा? नाही. त्यांना हवा चेहरा. दात काढून घ्या म्हणावं, मग बघू चेहरा किती टिकतो.

फोटो आला. भुरटी चोरी करताना सापडल्यासारखी दिसतेय. ताईला पाठवला. तिचं उत्तर — "छान आलाय. अशीच गप्प राहिलीस तर तिकडे निभावशील."

४ फेब्रुवारी, बुधवार

तिकडच्या लॅबला महिनाअखेर उत्तर हवंय. दोन वर्षांचं काम. देश थंड, लांब. भाषा अशी की वाटतं, कुणीतरी तोंडावर मफलर धरून बोलतंय. तिकडच्या घरमालकिणीनं खोलीचा फोटो पाठवलाय — एक खिडकी, एक खुर्ची, खिडकीबाहेर एक झाड, त्यावर एकही पान नाही. येता-जाता बघते. आज दुपारी मेण वितळत होतं आणि मी त्या खुर्चीत बसले होते. हातात कप. खालून माणसं जात होती, आणि त्यांतल्या एकालाही माझ्या घरचं काही ठाऊक नव्हतं. मी कुणाची मुलगी, कुणाची बहीण, लग्न का नाही केलं — काही नाही! झाडालाही कशाची पडलेली नव्हती. केवढी शांतता...

मागून लॅबचे मालक म्हणाले, "बाई, मेण जळतंय."

तर जाऊ की नको? अडचण एकच, आणि ती बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेली असते. बाबा. वय एकोणऐंशी. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. ताई म्हणते, "बाबांना मी माझ्याकडे नेते." बाबा म्हणतात, "मी काय सामान आहे?" आणि 'सामान' म्हणताना शिट्टी वाजते.

शिट्टी कवळीची. माझ्या आधीच्या कारागिरानं केलेली, पहिल्या दिवसापासून ढिली. बाबांच्या टाळूवर मधोमध बदामाएवढं हाड वर आलंय, जन्मापासूनच. माझ्याही आहे, जीभ लावली की लागतं. त्या बदामावर कवळी झोपाळ्यासारखी डुलते. लॅबमध्ये कामाला लागले तेव्हा मोठ्या ऐटीत म्हटलं होतं, "बाबा, तुमची नवी कवळी मी करणार!" अजून करतेय. कारण त्याला माप लागतं, आणि माप म्हणजे तोंडात कोंबलेला थंडगार लगदा. बाबांना नुसत्या वासानं उमासे येतात. एकदा तर डेंटिस्टच्या खुर्चीतून उठून थेट घरी आले, गळ्यात तो कागदी रुमाल तसाच. म्हणाले, "आहे ही चालतेय. तुझं देणं राहू दे माझ्याकडे."

चालतेच म्हणा. समोर बसलेले असले की मला शिट्टी ऐकूच येत नाही. मी त्यांचा जबडा वाचते.

७ फेब्रुवारी, शनिवार

सल्ल्यांचा बाजार भरलाय. एकटीनं परदेशी जायच्या आधी काय काय बघावं यावर शहरातल्या प्रत्येकाचं मत आहे, विशेषतः ज्यांनी शहराची वेस ओलांडलेली नाही त्यांचं. शेजाऱ्यांचं — विमा बघा. मालकांचं — करार बघा, आणि शक्यतो नाकारा. ताईचं — लोकरीचे मोजे. तिच्या मते परदेश म्हणजे पायाला लागणारी थंडी, बाकी सगळं सारखंच.

संध्याकाळी मावशीकडे गेले. ती काही वर्षं एकटी राहून आलीय तिकडे, वेगळ्या देशात, पण एकटेपण तेच. वाटलं, ही काहीतरी मोठं सांगेल. ती आपली चहात बिस्किट बुडवत होती. बुडवता बुडवता म्हणाली, "विमा-बिमा होतं गं सगळं. मला एवढंच सांग, तुझ्या खोलीची दुसरी किल्ली कुणाकडे ठेवशील?"

"घरमालकिणीकडे."

"तिच्याकडे तिची असते. मी तुझी म्हणतेय. पहिल्या वर्षी माझी दुसरी किल्ली माझ्याच खिशात होती, पहिलीच्या शेजारी. दोन्ही एकदमच हरवल्या."

मी म्हटलं, "मग? कुलूप तोडलंस?"

"कुलपाचं काय, ते तोडता येतं. जिन्यात बसून राहिले तेव्हा कळलं, की फोन कुणाला करायचा तेच माहीत नाही."

बिस्किट तुटून चहात पडलं. तिनं ते चमच्यानं काढलं आणि विषय बदलला.

८ फेब्रुवारी, रविवार

दुसरी किल्ली. दिवसभर जिभेवर तेच.

११ फेब्रुवारी, बुधवार

सुचलं! सराव करायचा. कवळीसुद्धा आधी मेणात बसवून तोंडात घालून बघतात, मग पक्की करतात. परदेश मात्र एकदम पक्का करायचा? मैत्रीण कामासाठी बाहेरगावी गेलीय, नदीपलीकडची तिची खोली रिकामी आहे. आठवडाभर तिथं राहीन. ओळखीच्या कुणाला भेटायचं नाही. घरी यायचं नाही. कामावर जायचं, पण लॅबमध्येही गरजेपुरतंच बोलायचं, जणू भाषा नीट येत नाही. घरी फोन एकच, शुक्रवारी.

बाबांना सांगितलं. पेपर खाली न करता म्हणाले, "नदीपलीकडे व्हिसा लागतो का?"

ताई फोनवर किंचाळली, "वेड लागलंय! गावातल्या गावात परदेश!"

१४ फेब्रुवारी, शनिवार

निघाले. एक सूटकेस. दारात बाबांनी हात पुढे केला. वाटलं, आशीर्वाद वगैरे. तर म्हणाले, "त्या खोलीची दुसरी किल्ली दे." मावशीचं बोलणं मी त्यांना सांगितलेलंही नव्हतं. दिली. त्यांनी ती चष्म्याच्या डबीत टाकली, डबी खिशात, खिशावर एक थाप.

१५ फेब्रुवारी, रविवार

परदेशातली पहिली सकाळ.

जागी झाले तेव्हा उजेड चुकीच्या भिंतीवर होता. बराच वेळ तशीच पडून राहिले. खाली कुणीतरी भांडत होतं; ठरल्याप्रमाणे मी कानाचा पडदा जरा सैल सोडला आणि शब्द विरघळले. नुसते सूर उरले. एक चढा, एक रडका, मधूनच तिसरा समजूत घालणारा. किती सुंदर भांडतात या देशातले लोक!

बाहेर पडले. ज्या पुलावरून जन्मभर गेलेय तो उलट्या बाजूनं आला. नदी दुसरीच वाटली, जरा रुंद, जरा सभ्य. दुकानात बोटानं पाव दाखवला. दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं आणि मला मोठ्यानं, एकेक शब्द तोडून सांगितलं, "हा — कालचा — आहे. ताजा — देऊ?" मी मान हलवली. ताजा मिळाला. परदेशी माणसाशी लोक खरं बोलतात असं दिसतंय.

दुपारभर खिडकीत. समोर झाड. याला पानं आहेत. जरा निराशा झाली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

स्वप्न — एका लांब रस्त्यानं चाललेय, दोन्ही बाजूंच्या घरांना दारांऐवजी कवळ्या. उघडतायत, मिटतायत, सगळ्या माझ्या हातच्या. प्रत्येक दार काहीतरी म्हणतंय, प्रेमानंच, पण आवाज नाही. मी चालतेय आणि मुळीच घाबरलेली नाही.

उठल्यावरही ते हलकं वाटणं गेलं नाही. चहा करून खिडकीत प्याले. कुणी विचारलं नाही साखर किती घातलीस. बावन्नाव्या वर्षी मला माझा चहा कसा आवडतो ते कळलं — फिक्का.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मला जमतंय! हे मी हळूच लिहितेय, शाईला ऐकू जाऊ नये म्हणून. एकटीनं राहणं मला जमतंय, आणि आवडतंय. जायचं. होय लिहायचं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ठरलेला फोन.

मी म्हटलं, "बाबा, मी तिकडून बोलतेय." नाटक पूर्ण करायला हवं ना.

हसले. मग काहीतरी म्हणाले.

शिट्टी. घरघर. पुन्हा शिट्टी. मी म्हटलं, "काय?" त्यांनी परत सांगितलं, सावकाश. वाक्य लांब होतं, एवढं कळलं. त्यात विचारणं नव्हतं, सांगणं होतं, हेही कळलं. शब्द एक नाही. मी फोन या कानावरून त्या कानावर नेला, खिडकी लावली, श्वास धरला. "बाबा, परत एकदा." परत एकदा. आता ते ओरडत होते, आणि ओरडलं की कवळी अजून सुटते.

मग अगदी स्वच्छ आलं, कारण त्यात अवघड अक्षरच नव्हतं — "जाऊ दे."

फोन ठेवला. इतकी वर्षं मला वाटत होतं मी त्यांचं ऐकते. मी नुसतं बघत होते.

विमा बघा, करार बघा, मोजे बघा. हे बघायला कुणी सांगितलं नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मायदेशी परत. दारातच विचारलं, "काल काय सांगत होतात?"

"काही नाही गं. आठवत नाही." पण नजर टाळली. आणि माझा परदेश कसा होता ते विचारलं, चहा त्यांनीच केला, गोडमिट्ट. प्याले.

२३ फेब्रुवारी, सोमवार

नकार लिहिला. चांगला जमलाय. ओशाळवाणा नाही, उगाच लांबण नाही. घरगुती कारणामुळे येऊ शकत नाही, आपल्या विश्वासाबद्दल आभार. उद्या दुपारी पाठवायचा. खोलीचा फोटो फोनमधून काढून टाकला, मग पुन्हा आणून ठेवला. झाडाचं काय चुकलं?

दिवसभर कामात जीव नव्हता. निघता निघता एका दवाखान्यातून माप आलं, नेहमीसारखं ओल्या फडक्यात गुंडाळलेलं, वर नुसता नंबर. आम्हाला नावं कळवत नाहीत. आमच्यासाठी शहर म्हणजे नुसते जबडे. माप थांबत नाही, सुकलं की आक्रसतं, म्हणून जायच्या आधी प्लास्टर ओतून आले.

घरी बाबा जेवले नाहीत. डोळे लाल. "घसा खवखवतोय," म्हणाले, आणि लवकर झोपले. ताईला कळवलं. ती म्हणाली, "बघ, म्हणूनच म्हणते." काय म्हणते ते तिलाही ठाऊक नसावं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी कालचा साचा सोडवला. लगदा सोलला, प्लास्टर पुसलं, सवयीनं टाळूवरून अंगठा फिरवला.

बदाम.

मधोमध, जरासा डावीकडे कललेला. माझी जीभ आपोआप माझ्या टाळूला जाऊन लागली.

कडेला माप ओढल्याच्या खुणा होत्या. म्हणजे माणूस उमासे देत, खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता. पण बसला होता.

बदामावर पातळ पत्रा कापून चिकटवला. तेवढी जागा मोकळी राहिली की कवळी डुलत नाही, शिट्टी वाजत नाही. आधीच्या कारागिरानं एवढंच करायचं ठेवलं होतं. पुढचे दात निवडले. एक किंचित वाकडा लावणार आहे, आईबरोबरच्या फोटोत आहे तसा.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोघंही तोंड मिटून, पासपोर्टच्या फोटोसारखे.

नकार पुसून टाकला. शुक्रवारी काय सांगत होते ते विचारीनच. तिकडून. फोनवर.