सईच्या गालावरचा डाग

१२ डिसेंबर, संध्याकाळ

कोड नाहीये. आठवडाभर हा शब्द तोंडातून काढला नव्हता, आज लिहूनच टाकते. सईच्या गालावरचा तो पांढरा डाग बघून सासूबाई म्हणायच्या, "जंत झालेत, गोड कमी दे." मी मान डोलवायची, आणि वेणी घालताना गुपचूप तो डाग बघायची. वाढलाय का?

आज आगाशीच्या डॉक्टरीणबाई हसल्याच. "त्वचा कोरडी पडलीय. लहान मुलांत सर्रास असतं. तिच्या वर्गात बघा."

सई लगेच म्हणाली, "आमच्या बाकावर तिघींना आहे. रियाला तर दोन्ही गालांवर."

येताना मुद्दाम सुकेळी घेतली, उन्हात वाळवलेली गोड केळी. ती खात सई फुगून बसलीय. मलम लावू देत नाही.

"रियाला दोन. मला एकच, तोही घालवणार?"